आठवारी

बायको : सहाशे पौंड?

नवरा : सहाशेच्या थोडे वर. हातानं शिवलेला आहे तो. पंधरा-वीस तास एक बाई बसून टाके घालते.

बायको : मग तिला म्हणावं, एकदा आमच्याकडे ये. गेल्या दिवाळीपासून माझ्या ब्लाउजची बाही उसवून पडलीय.

नवरा : अगं, आठ वार कापड आहे त्यात. आठ वार! अस्सल लोकर. हात तर लावून बघ.

बायको : आठच?

नवरा : आठच म्हणजे?

बायको : माझी आजी नऊ वार नेसून विहिरीवरून घागरी आणायची, रानात खुरपायची आणि त्याच लुगड्यात बाभळीवर चढलेल्या मामाला खाली ओढायची. तुम्ही आठ वारांत काय करणार? शनिवारी कॉफी प्यायला जाणार.

नवरा : लुगडं नाही गं, किल्ट आहे हा!

बायको : निऱ्या आहेत ना?

नवरा : आहेत, पण मागे. पुढचा भाग सपाट ठेवायचा, त्याला एप्रन म्हणतात.

बायको : अरे वा. म्हणजे एवढ्या संसारात पहिल्यांदा तुमच्या कमरेला एप्रन लागणार.

नवरा : थट्टा सोड. निऱ्यांचं शास्त्र असतं. एका पद्धतीत घड्या पडल्या तरी मागून चौकड अख्खीच्या अख्खी जुळून येते, कापडाला घडीच नाही असं वाटतं. दुसरी लष्करी. तिच्यात प्रत्येक घडीवर एकच रेघ, उभीच्या उभी. आमच्यात यावरून दोन तट आहेत. गेल्या शनिवारी दीड तास वाद चालला होता.

बायको : मुलीच्या लग्नाच्या बोलणीत तुम्ही एकूण दोन वाक्यं बोललात. त्यातलं एक 'चहा घ्या ना' होतं.

नवरा : तिथं मला बोलण्यासारखा विषय नव्हता.

बायको : आणि हे 'आमच्यात' कधीपासून? आपल्या लग्नानंतर सासूबाई म्हणायच्या, आमच्यात आमटीत गूळ घालतात. त्यानंतर हा शब्द या घरात आज ऐकला.

नवरा : आमच्यात म्हणजे... आमच्यात. शनिवारचे सगळे. बरं, ही पिशवी बघ. स्पोरन. किल्टला खिसा नसतो, म्हणून पुढे ही लटकवायची.

बायको : आजीलाही खिसा नव्हता. कनवटीला पैसे असायचे आणि ओच्यात शेंगा. सगळं त्या नवव्या वारात मावायचं. तुमचा नववा वार नाही, म्हणून पिशवी विकत घ्यावी लागते. केवढ्याला पडली?

नवरा : ते राहू दे. ही सुरी. मोज्यात खोचायची, मूठ तेवढी वर दिसली पाहिजे.

बायको : पोलीस धरतील.

नवरा : नाही धरत. स्कॉटलंडच्या कायद्यात सूट आहे, राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून.

बायको : राष्ट्रीय! कुणाच्या राष्ट्राचा?

नवरा : पासपोर्ट कुठला आहे माझा?

बायको : पासपोर्ट मोज्यात नसतो. आणि कापणार काय त्या सुरीनं?

नवरा : काही नाही. शोभेची असते ती.

बायको : मग रोज थोडी कोथिंबीर चिरत जा. शोभा वाढेल. बाहेरचा वारा बघितलात का? हे ॲबर्डीन आहे. समुद्रावरून असा येतो की चालती माणसं तिरकी होतात.

नवरा : लोकरीला वजन असतं, उडत नाही. तुझ्या मनात कुठला प्रश्न आहे, कळतंय मला.

बायको : तो मी विचारणार नाही. या घरातले कपडे मीच वाळत घालते.

नवरा : टार्टनबद्दल तरी विचार! मॅकेंझी कुळाचं घेतलंय. हिरवं-निळं, त्यात पांढरी आणि लाल रेघ. आमच्यातले एक जण मॅकेंझी आहेत, पूर्वी बस चालवायचे. ते म्हणाले, तू आमचंच घाल. तशी परवानगी लागत नाही, कुणीही कुणाचं टार्टन घालावं, कायदा आडवा येत नाही. पण ते म्हणाले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले.

बायको : मॅकेंझी? म्हणजे ७८ व्या हायलंडर पलटणीचं?

नवरा : असेल. का?

बायको : असईची लढाई. आताचा जालना जिल्हा. २३ सप्टेंबर १८०३. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेत ती पलटण होती. त्या लढाईबद्दल तिला निशाणावर हत्तीचं चिन्ह मिळालं. समोर कोण होतं?

नवरा : ...शिंदे. आणि नागपूरकर भोसले.

बायको : माझं माहेरचं आडनाव काय?

नवरा : अगं, तू बार्शीची! दौलतराव शिंद्यांचा आणि तुझ्या वडिलांच्या किराणा दुकानाचा काय संबंध?

बायको : तुमचा आणि मॅकेंझींचा जेवढा आहे, तेवढा तरी असेल.

नवरा : हे सगळं तुला कुठून कळतं?

बायको : लायब्ररीत मी पाट्या टाकायला जात नाही.

नवरा : मग हेही वाचलं असशील. या कपड्यासाठी लोक तुरुंगात गेलेत. १७४६ साली कलोडनला हायलंडवाले हरले आणि संसदेनं कायदाच केला. पुरुषानं किल्ट घातला तर सहा महिने कैद, पुन्हा सापडला तर सात वर्षं काळं पाणी. १७८२ पर्यंत बंदी होती.

बायको : वाचलंय. बंदी कुणाला जाचली? डोंगरातल्या गरिबांना. सरकारच्या हायलंडर पलटणींना सूट होती. आणि बंदी उठल्यावर हौस कुणाला सुटली? १८२२ साली चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला. सर वॉल्टर स्कॉटनं सगळा थाट मांडून दिला आणि राजेसाहेब किल्ट घालून उभे राहिले. तोही आखूड, खाली गुलाबी तंग विजार. लोकांनी व्यंगचित्रं काढली.

नवरा : राजाचं सोड...

बायको : आणि हा आखूड किल्ट म्हणे एका इंग्रजानं काढला. लँकेशरचा लोखंडवाला. भट्टीवरच्या मजुरांना अंगभर गुंडाळलेलं कापड अडचणीचं व्हायचं, म्हणून त्यानं ते अर्धं केलं.

नवरा : ते सिद्ध झालेलं नाही! आमच्यात त्यावरून...

बायको : दोन तट आहेत. असणारच. आणि कुळागणिक टार्टनं? १८४२ साली दोघा भावांनी पुस्तक छापलं, जुनी पोथी सापडली म्हणून. पोथी बनावट. पण त्यातलीच टार्टनं आज कितीतरी कुळं छातीठोकपणे मिरवतात.

नवरा : पोथी असेल खोटी. मित्र खरे आहेत.

बायको : हे वाक्य तुमचं नाही. शनिवारच्या कुणाचं तरी आहे.

नवरा : ...बसवाल्यांचं.

बायको : वाटलंच. अहो, मित्रच हवे होते तर मंडळ काय वाईट होतं? गणपतीला नेलं की प्रसादाची वाटी घेऊन कोपऱ्यात उभे राहता, फोनमध्ये डोकं घालून.

नवरा : मंडळात पहिला प्रश्न काय असतो माहितीय? 'सध्या कुठं?' तेल कंपनीची नोकरी गेल्यापासून माझ्याकडं उत्तर नाही. दुसरा प्रश्न, घर स्वतःचं का? तिसरा, जावई काय करतात? इथं पहिला प्रश्न असतो, ही पिन अशी का लावलीस? ती फक्त वरच्या एप्रनला लावायची असते, दोन्ही थर जोडायचे नसतात. मी उसन्या किल्टवर जोडले होते. एक दाताचे डॉक्टर आहेत आमच्यात, सत्तरीचे. ते खाली वाकले आणि स्वतः पिन काढून नीट लावून दिली. माझ्यासाठी इतक्या वर्षांत कुणी वाकून काही केलेलं नाही.

बायको : कुणी?

नवरा : बाहेरच्या कुणी, असं म्हणतोय.

बायको : 'बाहेरच्या' आत्ता घातलंत. आधी नुसतं 'कुणी' होतं.

नवरा : शब्दात पकडू नकोस.

बायको : पकडत नाही. तुम्ही तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असायचात तेव्हा बॉयलर बंद पडला की टॉर्च घेऊन मी वाकायचे. असो. तुम्हा पुरुषांचं एक कळत नाही मला. आम्ही बायका जिन्यात भेटलो तरी दोन मिनिटांत रडून मोकळ्या होतो. तुम्हाला आधी गणवेश लागतो. पुण्यात असतात ते ढोल बांधतात, तुम्ही लोकर गुंडाळलीत. 'मला एकटं वाटतं' एवढं म्हणायला आठ वार कापड?

नवरा : लागतं तर लागतं. आई गेली तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर पन्नासेक जोडलेले हात आले. माणूस एकही आला नाही. बसवाले आले. पावसात दारात उभे, हातात सुपाचं पातेलं.

बायको : मटणाचं होतं.

नवरा : असू दे. आले ना?

बायको : आले. त्यांना घरात मी घेतलं. पातेलंही मीच घासून दिलं. तुम्ही दोघं अर्धा तास मोजे खाली का घसरतात, यावर बोलत बसलात.

नवरा : मला त्या दिवशी तेवढंच बोलायचं होतं.

बायको : आणि मला? रोज संध्याकाळी सासूबाईंशी फोनवर मी बोलायचे. तुम्ही मागून ओरडायचात, माझाही नमस्कार सांग. त्या गेल्यावर माझ्याशी कोण बोललं मोज्यांबद्दल?

नवरा : ...चहा टाकू?

बायको : दूध संपलंय.

नवरा : मग शनिवारी चल तू. सगळ्यांना भेट. बायकाही येतात एक-दोघी.

बायको : काय नेसून येतात?

नवरा : कुणी किल्ट, कुणी साधे कपडे. कुणी कुणाला विचारत नाही.

बायको : ठीक आहे. मी नऊवारी नेसून येते. हिरवी, काठाची. आजीची आहे.

नवरा : नऊवारी? अगं, दिवसाढवळ्या, युनियन स्ट्रीटवरून?

बायको : का? तुम्ही तिथूनच जाणार ना?

नवरा : लोक बघतील.

बायको : तुमच्याकडं बघत नाहीत?

नवरा : ते वेगळं. हे इथलंच आहे.

बायको : आणि तुम्ही?

नवरा : ...

बायको : नाही, सांगा ना. कापड इथलं, बरोबर. आतला माणूस कुठला?

नवरा : तू प्रत्येक गोष्टीचा कीस काढतेस. ये तू. पण मी आधी त्यांना विचारतो.

बायको : कुणी कुणाला विचारत नाही म्हणालात मघाशी.

नवरा : विचारतो म्हणजे कळवतो.

बायको : कळवा. मीही कळवते मंडळातल्या बायकांना. नऊवाऱ्या सगळ्यांच्याच कपाटात पडून आहेत, मुहूर्त मिळत नाही बिचाऱ्यांना.

नवरा : मंडळातल्या? सगळ्या? अगं, छोटंसं कॅफे आहे ते, वीस खुर्च्या जेमतेम!

बायको : मग आम्ही बसू, तुम्ही उभे राहा. बसलं की मागच्या निऱ्या मोडतात ना तुमच्या?