कळसूबाईवरचा चार मिनिटांचा सूर्य

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे अगदी आत्ताआत्तापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात, पाण्याची टंचाई असते, चाऱ्याची असते, निधीची तर बारमाही असते. सूर्याची मात्र कधी ऐकिवात नाही. कर्जत-जामखेडकडे तर तो इतका मुबलक मिळतो की सरकारला दुष्काळ जाहीर करावा लागतो. अशा जिल्ह्यात सूर्य बघायला मुंबई-पुण्याची माणसं रात्रभर गाड्या हाकत येतात आणि अकोले तालुक्यातल्या बारी गावातून, कपाळाला बॅटरी बांधून, कळसूबाई चढू लागतात. राज्यातलं हे सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. वर जायला तीनेक तास सहज जातात. या मंडळींच्या चिकाटीबद्दल मला शंका नाही, त्यांनी सांगितलेल्या कारणाबद्दल आहे. कळसूबाईच्या रात्रीच्या चढाईत सूर्याचं स्थान लग्नपत्रिकेवरच्या ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’एवढंच असतं.

हिशेबच मांडू. उंचावर गेलं की क्षितिज थोडं खाली जातं, त्यामुळे सूर्य लवकर दिसतो. भोवतालच्या मुलखापेक्षा शिखर हजारेक मीटर वर आहे असं धरलं, तर क्षितिज जेमतेम अंशभर खाली जातं, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. रात्रभराच्या घामाची कमाई ती एवढी. आता नगर शहर कळसूबाईच्या पूर्वेला, साधारण एक अंश रेखांशाच्या अंतरावर आहे. म्हणजे तिथे सूर्य मुळातच चार मिनिटं आधी उगवतो. तेव्हा नगरच्या सावेडीतल्या गच्चीवर लेंग्यात उभं राहून चहा पिणारे गृहस्थ आणि शिखरावर दात वाजवत उभा असलेला ट्रेकर, या दोघांना सूर्यनारायण जवळपास एकाच वेळी दर्शन देतात. मुंबईकराचा व्यवहार थोडा बरा. मुंबई पश्चिमेला असल्यामुळे त्याला आणखी तीन मिनिटं मिळतात, एकूण सात. त्यासाठी कसारा घाट, घोटी आणि सगळा डोंगर. गुंतवणूक म्हणून हे कोणी सुचवलं तर आपण त्याला दारात उभं करणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो की सूर्य मिनिटांत मोजायचा नसतो, तो डोळे भरून पाहायचा असतो. मान्य. पण पाहायचं कुठे? कळसूबाईचा खरा ऐवज पश्चिमेला आणि दक्षिणेला आहे. अलंग, मदन, कुलंग हे तिघे पश्चिमेला. दक्षिणेला प्रवरेवरच्या भंडारदरा धरणाचा जलाशय आणि त्यापलीकडे रतनगड. पहाटेचं ऊन प्रथम अंगावर घेतात ते हे गड, आणि नेमक्या त्याच वेळी सगळी गर्दी त्यांच्याकडे पाठ करून, मोबाईल उंचावून, पूर्वेला तोंड करून उभी असते. शिवाय ही गर्दी सर्वांत दाट कधी, तर पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी. याच तालुक्यातलं घाटघर अतिवृष्टीसाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा शिखरावर सूर्य तर सोडाच, शेजारचा माणूसही आवाजावरून ओळखावा लागतो. तरी लोक येतात, ढगात उभे राहतात आणि सूर्य न पाहता समाधानाने उतरतात. ज्याच्यासाठी आलो तो भेटला नाही आणि तरी कोणाची तक्रार नाही, यावरून काय समजायचं?

दुसरा आक्षेप उन्हाचा, आणि तो वजनदार आहे. वाटेवर सावली फार थोडी. एप्रिल-मे महिन्यांत लोखंडी शिड्यांच्या कठड्याला दुपारी हात लावणं हे साहस वेगळ्या जातीचं. त्या दिवसांत रात्री चढण्यात शहाणपण आहेच. पण जानेवारीत, जेव्हा दुपारी दहा वाजल्यासारखं वाटतं, तेव्हाही मध्यरात्रीच निघायचं हा रिवाज कुठून आला? एव्हरेस्टवाले शेवटच्या टप्प्याला रात्री निघतात, कारण दुपारी हवा बिघडण्याआधी त्यांना खाली यायचं असतं. ‘महाराष्ट्राचं एव्हरेस्ट’ या बिरुदासोबत आपण वेळापत्रकही उचललं, त्यामागचं कारण तेवढं तिकडेच राहिलं. जपानी लोक फुजीवर सूर्योदयासाठी चढतात हे खरं. पण फुजी ३,७७६ मीटर आहे आणि त्या सूर्योदयाला तिथे धार्मिक मान आहे. आपल्याकडे मान देवीचा. नवरात्रात गावोगावचे भाविक वर येतात ते देवळातल्या कळसूबाईसाठी, आणि सूर्य किती वाजता उगवला हे कोणी विचारत नाही.

मग रात्रच का? अंधारात डोंगर दिसत नाही, म्हणून. बॅटरीच्या उजेडात चार पावलांपुरतीच वाट असते, आणि चार पावलं कोणालाही जमतात. दिवसा पायथ्याशी मान वर केली की निम्मे बेत बारीतच संपतील. आणि देवीचं म्हणाल, तर लोककथेतली कळसू घरकामाला राहिली ती भांडी घासणार नाही, केर काढणार नाही या अटीवर. अट मोडली तशी ती डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली. तिने पहाटेचा गजर लावल्याचं कथेत कुठे नाही.

तेव्हा थंडीत जायचं असेल तर पोटभर झोपा, उजाडल्यावर बारीतून निघा, शिडीवर उतरणाऱ्याला आधी वाट द्या आणि वर पोचल्यावर पश्चिमेकडे बघा. सूर्यच हवा असेल तर नगरला कोणाकडे तरी मुक्कामाला जा, चहाही मिळेल.