उणे तीस अंशांतली नगरपालिका

विनिपेगमध्ये गाड्यांना शेपूट असतं, फक्त ते मागे नसून पुढे असतं. बॉनेटखालच्या जाळीतून एक काळी वायर लोंबत असते आणि तिच्या टोकाला प्लग. संध्याकाळी घरी आलं की जावईबापू आधी तो प्लग भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खुपसतात आणि मग आत येऊन बूट काढतात. पहिल्या दिवशी मी विचारलं, "इलेक्ट्रिक गाडी वाटतं?" भाची म्हणाली, "नाही मामा, पेट्रोलचीच आहे. तिला थंडी वाजते." इंजिनाच्या पोटात एक हीटर बसवलेला असतो. कडाक्याच्या रात्री तो चालू ठेवला नाही तर आतलं तेल घट्ट होतं आणि सकाळी गाडी चालू व्हायचं नाव घेत नाही. ऑफिसांच्या पार्किंगमध्येही जागोजाग खांब आणि खांबांवर सॉकेट. पुण्यात आम्ही मोबाइल चार्जिंगला लावायला विसरतो, इथे गाडी विसरून चालत नाही.

विनिपेग ही कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताची राजधानी. देशाच्या साधारण मध्यावर, अमेरिकेच्या सीमेपासून शंभरेक किलोमीटर वर. २०२१च्या जनगणनेत वस्ती साडेसात लाखांच्या आसपास. प्रदेश असा सपाट की गावातली सगळ्यांच्या तोंडी असलेली टेकडी ही मुळात कचरा डेपो आहे. वर माती घालून, गवत लावून तिचं उद्यान केलं. कागदोपत्री वेस्टव्ह्यू पार्क, पण अख्खं गाव तिला गार्बेज हिल म्हणतं. २०१८ साली कोणा अज्ञात इसमाने हॉलिवूडच्या थाटात तिच्यावर 'गार्बेज हिल' अशी भलीमोठी अक्षरं उभी केली. पालिकेने ती काढून टाकली. त्यावर गावाने एवढा गलका केला की पुढे पालिकेलाच ती अक्षरं पुन्हा उभी करावी लागली. उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्यापायी किती आंदोलनं केली, पण त्या डोंगरावर अशी पाटी लावायचं कोणाला सुचलं नाही.

थंडीबद्दल इथे कोणी तक्रार करत नाही, उलट सगळे तिच्या बढाया मारतात. भेटलेल्या प्रत्येकाने मला डिसेंबर २०१३ची गोष्ट ऐकवली. त्या महिनाअखेरीला मॅनिटोबा म्युझियमने जाहीर केलं होतं की विनिपेगमध्ये आज मंगळापेक्षा जास्त गारठा आहे. मंगळावरच्या क्युरिऑसिटी यानाने कळवलेलं दिवसाचं तापमान खरोखरच इथल्यापेक्षा बरं होतं. सांगताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर पोरगा बोर्डात आल्याचा भाव. हेच लोक त्याच थंडीत सेव्हन-इलेव्हनमधून स्लर्पी घेऊन बाहेर पडतात. स्लर्पी म्हणजे सरबत घातलेला बर्फाचा चुरा, आपल्या गोळ्याचा ग्लासातला भाऊ. 'जगाची स्लर्पी राजधानी' हा मान विनिपेगने वीसहून जास्त वर्षं सोडलेला नाही. बाहेर फुकट पडलेला बर्फ टाकून लोक आत जाऊन पैसे देऊन बर्फ खातात. याला अर्थशास्त्रात काय म्हणतात, मला ठाऊक नाही.

शेजारी एक आजोबा राहतात. त्यांचे आजोबा युक्रेनमधून येऊन इथे शेती करू लागले होते. आजोबा अजून फॅरनहाइटमध्ये बोलतात आणि आमचे जावईबापू सेल्सिअसमध्ये, त्यामुळे कुंपणावरून हवापाण्याच्या गप्पा निघाल्या की गणितं सुरू होतात. फक्त उणे चाळीसला दोन्ही मापं एक होतात. शेजाऱ्यांत एकमत व्हायला तेवढी थंडी पडावी लागते.

थंडी ही देवाची करणी, तिच्याबद्दल कुरकुर नाही. पण बर्फ? बर्फ एकदा जमिनीला टेकला की तो देवाचा राहत नाही, नगरसेवकाचा होतो. तो कोणी, कधी, कुठून कुठे सारायचा, हे इथलं खरं राजकारण. रस्त्यांच्या तीन जाती आहेत: हमरस्त्यांचा मान पहिला, मग बसचे रस्ते, शेवटी आपल्या गल्ल्या. गल्ल्यांची अक्षरांनुसार विभागणी आहे. आपलं अक्षर कोणतं, हे इथल्या माणसाला स्वतःच्या रक्तगटाआधी सांगता येतं. पालिका जाहीर करते की अमक्या अक्षराची पाळी अमक्या बारा तासांत. तेवढ्या वेळात गाडी रस्त्यावर दिसली तर दंडाची पावती. भाचीने आमचं अक्षर फ्रिजवर लावून ठेवलंय, गणपतीच्या शेजारी.

यंत्र येतं, रस्ता लख्ख करतं आणि जाता जाता सारलेल्या बर्फाचा एक बांध प्रत्येकाच्या गाडीवाटेच्या तोंडाशी घालून जातं. याला विंडरो म्हणतात. म्हणजे आपण पहाटे उठून, फावडं घेऊन, घामाघूम होऊन (उणे पंचवीसमध्ये घाम येतो, हा अनुभव घेण्यासारखा आहे) वाट मोकळी करायची आणि तासाभराने पालिकेने ती सन्मानपूर्वक बंद करायची. मग चर्चा सुरू. बांध किती उंच असला म्हणजे पालिकेने उचलायचा, किती असला म्हणजे नागरिकाने? आजोबांनी बांध मोजायला एक पट्टी ठेवली आहे. पेशव्यांच्या काळात बांधावरून भाऊबंदकी व्हायची म्हणतात, तिचा गोठवलेला अवतार मी इथे पाहिला.

महापौर आणि पंधरा नगरसेवक, एवढीच सभा. १९७२ साली आसपासची गावं जोडून एकच महानगर केलं, तेव्हा नगरसेवक पन्नास होते. पन्नास माणसांनी बर्फावर बोलायचं म्हटल्यावर उन्हाळा उजाडत असेल, म्हणून पुढे ते कमी केले असावेत. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही, चिन्ह तर नाहीच. निवडणूक दर चार वर्षांनी ऑक्टोबरात, म्हणजे बर्फ पडायच्या तोंडावर. उमेदवाराचा फोटो, त्याच्यावर गल्लीतल्या बावीस कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो, खाली 'शुभेच्छुक' असं काहीच नाही. ज्याचा पाठिंबा असेल त्याच्या अंगणात एक लहानशी पाटी रोवतात. भाची म्हणाली, "कोण कोणाला मत देतं, हे कुत्रं फिरवताना कळतं."

पण या गावाचं राजकारण खरोखर समजून घ्यायचं तर पोर्टेज आणि मेन या दोन रस्त्यांच्या चौकात उभं राहावं लागतं. आणि गंमत म्हणजे तिथे उभं राहायला सेहेचाळीस वर्षं बंदी होती.

चौक गावाच्या मधोमध, बँका आणि उंच इमारतींचा. कॅनडातला सगळ्यात वारा सुटणारा चौक अशी त्याची ख्याती. १९७६ साली पालिकेने बिल्डरशी करार केला. बिल्डरने वर इमारत बांधायची, खाली जमिनीखालून दुकानांची गोल गल्ली करायची, आणि त्या दुकानांना गिऱ्हाईक मिळावं म्हणून पालिकेने वरून माणसांना रस्ता ओलांडू द्यायचा नाही. १९७९ साली चारी कोपऱ्यांवर काँक्रीटचे कठडे उभे राहिले. राजधानीच्या मुख्य चौकात गाड्यांना मुभा आणि माणसांनी मात्र बिळात शिरायचं. बिळही गोल. एका जिन्याने खाली उतरलेला माणूस भलत्याच बँकेच्या दारात उगवायचा. करारातली दुकानाची बाजू सांभाळायला पालिका इतकी जागरूक होती, हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

२०१४ साली ब्रायन बोमन महापौर झाले ते हे कठडे पाडण्याचं वचन देऊन. वचन दिलं की विरोध आलाच. शेवटी २०१८च्या निवडणुकीबरोबर थेट जनमत घेतलं: माणसांना हा चौक चालत ओलांडू द्यावा का? पासष्ट टक्के लोक म्हणाले, नको. मधल्या वस्तीत, जिथले लोक खरंच पायी फिरतात, तिथे 'हो'कडे कल होता. बाहेरची उपनगरं, जी तिथे कधी पायी जात नाहीत, ती ठामपणे 'नको' म्हणाली. गाडीला लाल दिव्याशी थोडं जास्त थांबावं लागेल, हा मुद्दा. आमचे आजोबा नकोवाल्यांपैकी. "मी त्या चौकात चालायला जाऊन किती वर्षं झाली असतील, सांगता येत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग तुम्हाला काय फरक पडतो?" "तेच तर! मला फरक पडत नाही, मग बदलायचं कशाला?" आपल्याकडच्या सोसायटीच्या सभेत या गृहस्थांना चेअरमन करायला कोणी अडवलं नसतं.

जे जनतेने नाकारलं ते शेवटी गळतीने करून दाखवलं. चौकाखालच्या गल्लीच्या डोक्यावर, रस्त्याच्या पोटात, पाणी रोखणारा एक थर होता. तो जुना झाला. तो दुरुस्त करायचा तर सगळा चौक उकरून काढावा लागणार, गाड्यांचे वर्षानुवर्षं हाल होणार आणि खर्च सात कोटी तीस लाख डॉलर, असा अहवाल आला. त्यापेक्षा कठडेच पाडा आणि माणसांना वरून सोडा, असं आताचे महापौर स्कॉट गिलिंगहॅम यांनी मांडलं. मार्च २०२४ मध्ये सभेने ते मान्य केलं. २७ जून २०२५ रोजी चौक उघडला. लोक मुद्दाम जमले आणि आनंदाने रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

असा सोहळा झालेला चौक पाहायला मी हट्टाने गेलो. आजोबांनी गाडीतून नेलं, पण जवळच्या गल्लीत गाडी लावून ते आतच बसले. तत्त्वाचा प्रश्न होता. कानटोपी, तिच्यावर दुसरी कानटोपी, भाचीने गुंडाळलेला मफलर आणि डोळ्यांपुरती फट, अशा अवतारात मी चौकात पोचलो. वारा कीर्तीला जागला. ख्याती कानाला आधी कळली, मग नाकाला, मग काहीच कळेनासं झालं. चालत्या माणसाचा दिवा लागला. मी ओलांडला. पलीकडे जुन्या बँकेची भारदस्त खांबांची इमारत होती, तिच्याकडे आदराने पाहिलं, पुन्हा दिवा लागला आणि परत आलो. आजोबांनी काच दोन बोटं खाली केली.

"काय मिळालं पलीकडे?"

"काही नाही."

"तेच मी २०१८ पासून सांगतोय," ते म्हणाले आणि हीटर वाढवला.

सुदैवाने सगळ्या बाबतीत इथे मतदान घेत नाहीत. १९५० साली रेड नदीला पूर आला आणि एक लाखाच्या आसपास माणसं घरं सोडून गेली. पुढे प्रांताचे प्रमुख झालेल्या डफ रॉब्लिन यांनी पुराचं पाणी गावाला वळसा घालून न्यायला सत्तेचाळीस किलोमीटरचा कालवा खोदायचं ठरवलं. लोकांनी टिंगल केली, नाव ठेवलं 'डफचा चर'. १९६८ साली तो सहा कोटी तीस लाख डॉलरांत पुरा झाला. १९९७च्या महापुरात त्याच चराने शहर वाचवलं. नाव अजून तेच आहे, पण आता लोक ते अभिमानाने घेतात.

पाण्याचीच दुसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. गावाच्या नळाला १९१९ पासून दीडशे किलोमीटरवरच्या शोल लेकचं पाणी येतं, स्वच्छ आणि गोड. त्या पाण्याच्या कामापायी तिथल्या शोल लेक ४० या आदिवासी वस्तीची जमीन तोडली गेली. पुढे त्या लोकांना १९९७ ते २०२१ अशी वर्षं पाणी उकळून प्यावं लागलं. धरण उशाला, कोरड घशाला. चौक ओलांडायचा की नाही यावर जनमत घेणाऱ्या गावाला या प्रश्नाची इतकी घाई का नव्हती, हे मी आजोबांना विचारलं. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि म्हणाले, "तिथल्या लोकांचं मत आमच्या वॉर्डात पडत नाही." खरं तेवढंच होतं.

नद्या गोठल्या की त्या रस्ते होतात. रेड आणि असिनिबॉइन यांच्या संगमावर, द फोर्क्स इथे, बर्फावर स्केटिंगची वाट आखतात आणि वाटेवर ऊब घ्यायला झोपड्या मांडतात. त्यांच्या आराखड्यांची २०१० पासून स्पर्धा असते. २०१७ साली एक आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांची होती, बर्फाच्या ठोकळ्यांची. मुंबईच्या माणसाने गोठलेल्या नदीवर बर्फाचं घर बांधावं आणि त्यात लोकांनी उबेला जावं, यापेक्षा मोठी कला मला माहीत नाही.

जावईबापूंच्या ऑफिसातल्या एका पोराच्या लग्नाआधीचं 'सोशल' पाहिलं. ही इथली रीत. नवरा-नवरी भाड्याने सभागृह घेतात आणि तिकिटं विकतात. ओळखीच्यांनी, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांनी तिकिटं काढून यायचं, नाचायचं, लॉटरीची कुपनं घ्यायची, आणि मध्यरात्री राय ब्रेड, थंड मांसाचे काप, चीज, लोणचं असा फराळ. जमलेला पैसा लग्नाला. आमच्याकडे 'कृपया आहेर आणू नये' असं छापून लोक लग्नात पाकिटांची टोपली ठेवतात. इथे पाकीट दारातच घेतात, पावतीसकट. हा प्रामाणिकपणा मला आवडला, तिकीट मात्र जावईबापूंनी काढलं.

निघायच्या आधी आजोबा म्हणाले, "खरं विनिपेग बघायचं तर जूनमध्ये या." मला वाटलं, फुलं वगैरे. "डास," ते म्हणाले. उन्हाळ्यात पालिका रोज सापळ्यातले डास मोजते आणि आकडा वाढला की धूर फवारते. ज्याला धूर नको असेल त्याने आधी नाव नोंदवायचं. मग त्याच्या घराभोवती ठरावीक अंतरापर्यंत फवारणी होत नाही. समोरच्या घरातल्या बाईंनी नाव नोंदवलंय. आजोबांचं घर त्या अंतरात येतं. म्हणजे बाईंचं आरोग्य आणि आजोबांचे डास.

"मग तुम्ही काय करणार?"

आजोबांनी खिशातून पट्टी काढली, रस्त्यापलीकडच्या बर्फात गाडलेल्या फाटकाकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "बर्फ वितळू दे. त्यांच्या कुंपणापासून माझ्या कुंपणापर्यंत मोजणार आहे."