पाव घोडा

आमचा घोडा चौघांत आहे. रेसच्या कागदांवर याला भागीदारी म्हणतात, आमच्या घरात पाव घोडा म्हणतात. पाव किलो मिरच्या, पाव लिटर तेल, तसा पाव घोडा. पहिल्याच बैठकीत वाटणी झाली. मालक चार, पाय चार. माझ्या वाट्याला मागचा डावा आला. तेव्हा हसलो. पुढे नेमकी त्याच पायाला सूज आली आणि उरलेले तिघे माझ्याकडे असे बघू लागले, जणू मीच रात्री कुठेतरी लंगडत हिंडून आलो होतो.

कागदोपत्री त्याचं नाव इंग्रजी आहे. ते १८ अक्षरांत बसवावं लागतं, मधल्या मोकळ्या जागा धरून. तबेल्यात सगळे त्याला बाळ्या म्हणतात. जन्म एप्रिलमधला, पण आपल्याकडे रेसच्या घोड्यांचं वय १ जानेवारीला एका दमात वाढतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा जन्म गुरुजींनी १ जूनला उरकला होता, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. कुळ मात्र आपल्याहून चोख. जगातल्या यच्चयावत थरोब्रेड घोड्यांची वंशावळ बापाकडून तीनच पूर्वजांपाशी पोचते : डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क. गोत्रं तीन, आणि सगोत्र लग्नाला कुणाची हरकत नाही.

महालक्ष्मीची रेस हिवाळ्यातली, पुण्याची पावसाळ्यातली. बाळ्या पुण्यात पळणार होता, त्या रविवारी सकाळपासून झिमझिम होती. मी कपाटातून लग्नाचा नव्हे, पण त्याच्याच धाकट्या भावासारखा सूट काढला. बायको म्हणाली, “अहो, पळायचंय त्याला ना?”

ट्रॅक किती ओला आहे, हे तिथे अंदाजाने सांगत नाहीत. पेनेट्रोमीटर नावाची दांडी जमिनीत खुपसतात आणि ती किती रुतली यावरून आकडा जाहीर करतात. ढोकळा शिजला का हे बघायला सुरी खुपसावी, तसं. त्या दिवशीचा ढोकळा कच्चाच होता. आमचे ट्रेनर म्हणाले, “साहेब, याला ओला ट्रॅक आवडतो.” मागच्या वेळी ट्रॅक कोरडा होता, तेव्हा त्याला कोरडा आवडत होता.

शर्यत १२०० मीटरची, हॅंडिकॅप. हॅंडिकॅपचा न्याय अगदी आपल्या कचेरीतला आहे. जो काम करून दाखवतो, त्याच्या पाठीवर आणखी ओझं. जिंकणाऱ्या घोड्याच्या खोगिराखाली शिशाचे तुकडे वाढत जातात, हरणाऱ्याचे काढून घेतात. सर्वांत जड घोड्याला एक नंबर, मग उतरत्या भाजणीने. नऊ घोड्यांत बाळ्याचा नंबर नऊ होता. आमच्यापैकी एकाने तो शुभ अंक असल्याचं सांगितलं.

पॅडॉकमध्ये मालकांनी हिरवळीवर मधोमध उभं राहायचं असतं. घोडे भोवती फिरतात. नवरदेवाच्या काकांसारखी आमची अवस्था : कपडे सगळ्यांत भारी, काम काही नाही, आणि कुणी ओळख करून दिलीच तर नमस्कार करायचा. जॉकी आला. टोपीला चाबूक लावून त्याने आम्हा चौघांना मिळून एक सलाम केला, म्हणजे मला पाव. ट्रेनर त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत होते. मी पुढे होऊन म्हटलं, “सांभाळून हं. मागचा डावा.” जॉकीने ट्रेनरकडे पाहिलं. ट्रेनरनी आभाळाकडे पाहिलं.

बाळ्या मात्र देखणा दिसत होता. ओली मान चकाकत होती, पायांत शर्यतीसाठी ठोकलेले ॲल्युमिनियमचे हलके नाल, आणि शेजारून लगाम धरून चालणारा सईस त्याच्याशी अखंड बोलत होता. बाळ्याचा एक कान कायम त्याच्याकडे वळलेला. महिन्याचं बिल देतो आम्ही चौघं. खुराक, नालबंद, डॉक्टर, सगळं. पण त्याला मालक विचारला असता तर त्याने कुणाकडे मान केली असती, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

बायको टोटच्या, म्हणजे पैसे लावायच्या, खिडकीवरून आली आणि शंभराचं तिकीट माझ्या हातात देऊन म्हणाली, “ठेवा खिशात, माझ्या पर्समध्ये भिजेल.” तिकीट चार नंबरचं होतं. मी काही बोललो नाही. “आपला फ्लॅट चार नंबरचा आहे,” ती म्हणाली, “आणि बाळ्यावर तुम्ही लावलेत तेवढे पुरे आहेत.”

मग घोडे गेटमधून सुटले. पाच महिन्यांची बिलं आणि सव्वा मिनिटाचा खेळ. पहिल्या दोनशे मीटरमध्येच सगळ्या जॉकींचे रंग एक झाले, चिखलाचा. दुर्बिणीतून मी ज्याच्यासाठी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, तो बाळ्या नव्हता हे मला शेजारच्याने सांगितलं. समालोचनात आमचं नाव दोनदा आलं, एकदा सुटताना आणि एकदा “बाकीचे” म्हणताना. सातवा आला. पहिला चार नंबर.

जॉकी उतरून म्हणाला, “साहेब, अंतर कमी पडलं. १४०० ला पळवा.” ट्रेनर म्हणाले, “ट्रॅक फार ओला होता.” मी विचारलं, “पण याला ओला आवडतो ना?” ते म्हणाले, “आवडतो, पण इतका नाही.”

बायको वडा खायला गेली आणि मी बाळ्याला भेटायला. सईस बादलीने त्याच्या अंगावरचा चिखल उतरवत होता. पावसात त्याच्या पाठीवरून वाफा निघत होत्या, नाकपुड्या अजून लाल होत्या. मला एकाएकी भरून आलं. जवळ गेलो, मानेवर हात ठेवला, आणि पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे तोंड वळवलं. माझ्या छातीला नाक घासलं. मी डोळे मिटले.

“साहब, खिसा!” सईस ओरडला.

उघडून पाहतो तो बाळ्या शांतपणे काहीतरी चघळत होता. ओठाच्या कोपऱ्यातून तिकिटाचा कोपरा तेवढा दिसला आणि तोही आत गेला.

परतलो तेव्हा बायको टोटच्या रांगेत पुढून तिसरी उभी होती, हात पसरून. मी सगळं सांगितलं. ती जराही चिडली नाही. “त्या तिघांना फोन लावा,” ती म्हणाली. “तोंड कुणाच्या वाट्याला आलंय, ते विचारा.”