खाटेचा विमा, खुर्चीची फी

(पुण्यातल्या एका सोसायटीचं पार्किंग. निवृत्त काका बाकावर बसलेले. आयटीवाला हेल्मेट घेऊन लिफ्टमधून बाहेर येतो आणि नजर चुकवून गाडीकडे सटकू बघतो. पुण्यात हे कुणालाही जमलेलं नाही.)

काका : थांब. दर गुरुवारी निघतोस. आम्हाला वाटलं, पोरगं दत्ताला जातं. पण देऊळ डावीकडे, आणि तू वळतोस उजवीकडे.

आयटीवाला : काउन्सेलिंगला जातो, काका.

काका : (आवाज खाली आणून) घटस्फोट?

आयटीवाला : लग्न कुठे झालंय माझं!

काका : तेच म्हणतो, इतक्यात?

आयटीवाला : अहो, रविवारी दुपारनंतर पोटात गोळा येतो. सोमवारच्या मीटिंगचा. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

काका : घेतात किती?

(हा प्रश्न त्यांनी इतका वेळ दाबून धरला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.)

आयटीवाला : दीड हजार. पन्नास मिनिटांचे.

काका : मिनिटाला तीस रुपये! आणि गप्प बसलास तर?

आयटीवाला : ती मिनिटंही धरतात.

काका : रडलास तर?

आयटीवाला : तीही.

काका : एसटीडी बूथवर निदान मीटर तरी समोर दिसायचा! बरं, मेडिक्लेम आहे ना तुझा? मग खिशातून कशाला घालतोस? लाव क्लेम.

आयटीवाला : बसत नाही त्यात.

काका : न बसायला काय झालं? कात्रण आहे माझ्याकडे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. कलम २१, पोटकलम ४. शरीराच्या आजाराला ज्या नियमाने विमा, त्याच नियमाने मनाच्या आजारालाही. संपला विषय.

आयटीवाला : तिथूनच तर विषय सुरू होतो. कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. विमा नियामकाने त्याच ऑगस्टमध्ये कंपन्यांना कळवलं, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा बजावलं. माझ्या पॉलिसीत मानसिक आजार आहेत, छापलेले आहेत.

काका : मग अडलं कुठे?

आयटीवाला : खाटेवर. साधी पॉलिसी पैसे देते ती २४ तास ॲडमिट झालात तर. ओपीडीचे नाही. समानता त्यांनी काटेकोर पाळलीय. खोकल्यासाठी दवाखान्यात गेलात, शून्य. मनासाठी गेलात, शून्य.

काका : मग हो की ॲडमिट! एक रात्र जायचं. एक सलाईन लावतील. तुझ्या काउन्सेलर बाईंना म्हणावं, तिथेच या, खाटेशेजारी बसा आणि काय ते बोला.

आयटीवाला : ॲडमिट करायला डॉक्टरांना कारण लागतं, काका.

काका : आत्ता म्हणालास की, पोटात गोळा येतो! पोटाचाच विकार आहे. तसंच लिहायचं.

आयटीवाला : मग ते पोटाची सोनोग्राफी करतील.

काका : क्लेममध्ये बसते!

आयटीवाला : आणि त्यात काही निघालं नाही की कंपनी विचारणार, नुसत्या तपासणीसाठी ॲडमिट का झालात? तो क्लेमही गेला. वर खोटेपणाचा शिक्का.

(काका विचारात पडतात. इतकी वर्षं प्रीमियम भरून एकही क्लेम न केलेला माणूस दुसऱ्याच्या क्लेमसाठी फार तळमळतो.)

काका : ओपीडीचं जोडून घेता येतं म्हणतात.

आयटीवाला : येतं. वेगळा प्रीमियम, वर्षाची मर्यादा, आणि त्यात सायकिअॅट्रिस्ट असला तरी काउन्सेलर असेलच असं नाही. अटी वाचूनच घ्यावं.

काका : आणि तुमची ती कंपनी? फुकट देते म्हणे काहीतरी.

आयटीवाला : देते. ॲपवर ठरावीक सेशन्स. आमचं बोलणं कंपनीला कळत नाही असंही सांगतात, आणि तसं असेलही. पण मॅनेजरबद्दल बोलायचं आणि ॲप उघडल्यावर पहिला दिसतो कंपनीचा लोगो. जीभच उचलत नाही.

काका : एका परीने बरंच झालं. खिशातून भरलेस म्हणजे कुठे नोंद नाही. पुढे नवी पॉलिसी घेताना 'आजार काही नाही' म्हणून मोकळा!

आयटीवाला : ते मात्र चालत नाही. फॉर्मवर विचारलं असेल तर खरं लिहायचं. पैसे कुणी भरले याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. लपवलं, की पुढे ऐन मोठ्या क्लेमच्या वेळी नाकारायला आयतं निमित्त.

काका : (थोडे खट्टू) आणि इन्कम टॅक्समध्ये? ८०डी?

आयटीवाला : ते प्रीमियमसाठी. आणि मी नव्या कररचनेत आहे, तिथे तेही नाही.

काका : सगळीकडून बंद! बरं, ही तुझी बाई शिकलेली तरी आहे ना? हल्ली काउन्सेलरची पाटी कुणीही लावतं.

आयटीवाला : पहिल्या फोनलाच विचारलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदणी आहे. गोळ्या त्या देत नाहीत. त्या लागल्या तर सायकिअॅट्रिस्टकडे पाठवतील.

काका : आणि फी कमी करा म्हणालास का? की तेही मीच शिकवायचं?

आयटीवाला : म्हणालो. आधी दर आठवड्याला जायचो. परवडत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, पंधरवड्याला या, आणि मध्ये वहीत लिहून आणा. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांच्यासाठी काहीजण फी उतरवतात. पण विचारावं लागतं.

काका : म्हणजे मधल्या गुरुवारी कुठे जातोस?

आयटीवाला : दत्ताला.

काका : उजवीकडून?

आयटीवाला : आधी मिसळ, मग दत्त.

काका : अगदीच फुकट काही नाही का?

आयटीवाला : आहे ना. टेलिमानस. १४४१६. सरकारी आहे, २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र लागतो, मराठीतही बोलतात. आणि येरवड्याच्या सरकारी रुग्णालयात ओपीडी आहेच.

काका : येरवडा! सोसायटीत कळलं तर?

आयटीवाला : सोसायटीत तुम्हीच तर कळवता, काका.

(काका हे ऐकलं नाही असं दाखवतात आणि खिशातून पेन काढून हिशोबाला लागतात.)

काका : हे बघ. सप्टेंबर २०२५ पासून स्वतः घेतलेल्या मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी गेला. माझा मूळ प्रीमियम चोवीस हजार. वाचले चार हजार तीनशे वीस. म्हणजे तुझ्या बाईंची जवळजवळ तीन सेशन्स. तुझेही असेच वाचले असतील, ते इकडे लाव. आणि एखाद्या गुरुवारी नाहीच गेलास, तर?

आयटीवाला : २४ तास आधी कळवावं लागतं. नाही कळवलं तर पूर्ण फी.

काका : इथेही २४ तासच!

आयटीवाला : इथेही.

काका : मग मेडिक्लेम बंद करू नकोस, तो खाटेसाठी राहू दे. बाईंचे दीड हजार खिशातूनच भर. पावती तेवढी घेत जा.