वाढत्या मुलांचे उष्मांक मोजण्याची शास्त्रोक्त पद्धत

सर्वप्रथम हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा तक्ता मिळवून फ्रिजवर लावावा. २०२०च्या शिफारशींप्रमाणे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला दिवसाला ३३२० उष्मांक लागतात. जड अंगमेहनतीची कामं करणाऱ्या पुरुषाला ३४७०. म्हणजे सोफ्यावर लोळत मोबाइल बघणारा आमचा कुलदीपक हमालाच्या जवळपास पोचला. तक्त्यात हिंडता-खेळता मुलगा धरला आहे, ही बारीक गोष्ट घरात वाचून दाखवू नये. कोणी ऐकत नाही.

वजनकाटा आणावा. घरात सासूबाई असल्यास आणू नये.

आता तूप. पाच ग्रॅमच्या चमच्यात साधारण ४५ उष्मांक असतात. हे गणित चमचा वापरणाऱ्यांसाठी. नातवाच्या वरणभातावर सासूबाई तुपाची वाटीच कलती करतात. "सुकलाय गं पोरगा!" नातीच्या भातावर मात्र तेच तूप औषधासारखं थेंबथेंब पडतं, कारण ती "अंगाने सुटेल". तेरा वर्षांच्या मुलीला २४०० उष्मांक हवेत. सासूबाईंनी तिला १७००वर, म्हणजे सात ते नऊच्या रकान्यात, परत बसवलं आहे.

लोहाचा रकाना बोट ठेवून वाचावा. तेरा ते पंधराच्या मुलाला २२ मिलिग्रॅम, मुलीला ३०. पाळी सुरू झालेली असते, रक्त जातं, त्यात उंची वाढत असते. इथे बहिणीला भावापेक्षा जास्त लागतं. आणि अळिवाचे लाडू कोणाला? नातवाला. "अभ्यास करतो तो." मग मुलगी काय दिवसभर गोट्या खेळते?

असो. मार्गदर्शकाने आवाज चढवू नये.

पालेभाजीवर लिंबू पिळावं, जेवणावर लगेच चहा घेऊ नये. लोह अंगी लागतं. हे मला आहारतज्ज्ञांनी सांगण्याआधी सासूबाईंनी सांगितलं होतं, आणि लाडू वळावेत तर त्यांनीच. तूप सुटेपर्यंत खोबरं-गूळ-अळीव हलवत त्या गॅसपाशी उभ्या राहतात, गुडघे दुखत असले तरी. स्वतः एकही खात नाहीत.

लाडवांचा डबा मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतो. मुली मुलांच्या आधी उंच होतात, साधारण दोन वर्षं आधी. उरलेल्या चार बोटांसाठी स्टूल कुठे ठेवलंय ते मी लेकीला सांगितलं आहे.