मदरबोर्ड आणि खडे मीठ

नव्या मदरबोर्डच्या एका कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. संगणक सुरू केला की हे चौघे पाळीपाळीने लागतात आणि विझतात. जो लागून राहील त्याच्या खात्यात गडबड आहे, असं समजायचं. नेमकं कुठे दुखतंय हे इतक्या थोडक्यात सांगणारं आमच्या घरात दुसरं कोणी नाही. सासूबाईंचा गुडघा दुखत असला, तरी त्या सुरुवात थोरल्या नणंदेच्या लग्नापासून करतात.

बारावीच्या निकालाआधी जे कबूल केलं जातं ते निकालानंतर द्यावं लागतं. त्या न्यायाने मे महिन्यात चिरंजीवांचा गेमिंग संगणक घरी आला. आला म्हणजे सुट्या भागांत आला. काही ऑनलाइन, काही बर्डीच्या बाजारातून. तयार संगणक घेणं हे त्याच्या मते कमीपणाचं लक्षण. धरमपेठेत एखाद्या फाटकातून मोठं खोकं आत गेलं, की ते कुणाचं, केवढ्याचं आणि कशाला, हे झेंडा चौकापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. आमच्याकडे तर अशी सात-आठ खोकी आली. बंगला विकून टाकल्याची बोलवा झाली नाही, हेच नवल.

पहिल्या दिवशी त्याने खोलीतला कुलर बंद केला. मे महिन्यात, नागपुरात. प्रोसेसर बसवायच्या सॉकेटमध्ये १७१८ पिना असतात, त्यातली एक जरी वाकली तर मदरबोर्ड गेला, आणि कुलरच्या ओल्या वाऱ्यात असलं काम करत नाहीत, असं त्याचं म्हणणं. बाहेर ऊन किती होतं ते सांगत नाही, कारण आमच्या शहरात आकड्यांवरचा विश्वास जरा डळमळीत आहे. ३० मे २०२४ रोजी इथून जवळच, रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने तापमान ५६ अंश दाखवलं होतं. देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. नागपूरकरांना खरं तर ५६ पटलं होतं. बिघाडाची बातमी आली तेव्हा पुष्कळांना आपला कोणीतरी अपमान केल्यासारखं वाटलं.

तर घामाघूम अवस्थेत संगणक जोडून झाला, बटण दाबलं, आत रंगीबेरंगी पंखे फिरायला लागले आणि पडदा काळाच राहिला. चौघांपैकी डीरॅमचा पिवळा दिवा लागून राहिला होता.

"काही झालेलं नाही," चिरंजीव म्हणाला. "मेमरीचं ट्रेनिंग चालू आहे."

"नवीन आणलीय ना?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "मग शिकून यायला नको का?"

पण हे खरंच असतं. डीडीआर५ जातीची मेमरी इतक्या वेगाने चालते की प्रोसेसरकडून निघालेला संदेश कांडीपर्यंत नेमका किती क्षणांत पोचतो, हे प्रत्येक मदरबोर्डला स्वतः मोजून पाहावं लागतं. पहिल्यांदा सुरू करताना तो निरनिराळ्या वेळा लावून बघतो आणि जमलेल्या लक्षात ठेवतो. त्यात कित्येक मिनिटं जातात आणि तेवढा वेळ पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. माणसाने फक्त गप्प बसायचं असतं. आमच्या घरात पाच मिनिटं गप्प बसणं कोणाला जमलेलं नाही. नवऱ्याने "एकदा बंद करून बघू या का" असं विचारत विचारतच बंद करून बघितलं आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. ते संपत आलं असावं तेव्हा वीज गेली.

पडदा अखेर उजळला तो रात्री. मग विंडोज ११ घालणं सुरू झालं आणि तिने मध्येच थांबून इंटरनेट मागितलं. इंटरनेट जोडायला वायफायचं ड्रायव्हर लागतं. ते ड्रायव्हर तिच्याकडे नव्हतं. ते मिळतं इंटरनेटवर. पूर्वी मदरबोर्डबरोबर एक सीडी यायची, आता सीडी घालायला संगणकात जागाच ठेवत नाहीत. माझ्या सासऱ्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. चिरंजीव कपाळावर आठ्या घालून बसला होता, सासरे मात्र मान डोलावत होते. ह्या यंत्रातलं त्यांना समजलेलं हे पहिलंच वाक्य होतं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "वरच्या मजल्यावरचा दाखला आणल्याशिवाय वरच्या मजल्यावर जाता येत नाही." शेवटी फोन वायरीने जोडून त्याचं इंटरनेट संगणकाला उसनं दिलं आणि गाडी पुढे गेली.

इथवरच्या अडचणी घरातल्या घरात होत्या. नंतरच्या गल्लीत गेल्या.

वायफाय लागलं, पण एकच काडी दाखवायचं. राऊटर शेजारच्या हॉलमध्ये. मधली भिंत जुन्या बंगल्याची आहे, दीड फूट जाडीची, हे कबूल, पण त्याच भिंतीआड फोनला पूर्ण काड्या मिळत होत्या. ब्लूटूथचा हेडफोन तर तीन फुटांवरून तुटक बोलायचा. आणि एक दिवस झोपवलेला संगणक उठला तेव्हा वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही यादीतून नाहीसेच झालेले. बंद नव्हे, नाहीसे. आपल्याला असं काही कधी दिलेलंच नव्हतं, असा संगणकाचा पवित्रा.

चिरंजीवाचा व्हीएनआयटीत शिकणारा मित्र आला. ह्या संस्थेला आमच्याकडची पिकली पानं अजून व्हीआरसीईच म्हणतात, आणि तिथला मुलगा घरी आला म्हणजे पंखादेखील दुरुस्त होणार, असं धरून चालतात. त्याने संगणकाची वायर भिंतीतून काढली, सुरू करायचं बटण मोजून तीस सेकंद दाबून धरलं, वायर परत लावली. वायफाय हजर! सासूबाईंनी त्याला दुसऱ्यांदा तर्री पोहे वाढले. तर्री जास्त.

कारण असं की बंद केलेला संगणक बंद नसतोच. वायर भिंतीत आहे तोवर मदरबोर्डवर पाच व्होल्टचा एक झरा वाहत असतो, त्यावर वायफायचं कार्ड अर्धवट जागं राहतं. एकदा ते गोंधळलं की शंभर वेळा रीस्टार्ट करा, गोंधळ तसाच पुढे चालू. मुळापासून वीज तोडून बटण दाबलं म्हणजे साठलेला शेवटचा थेंब निघून जातो आणि कार्ड कोऱ्या मनाने उठतं. वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिमुकल्या कार्डावर नांदतात, म्हणून जाताना दोघं मिळून जातात. सासूबाईंचं म्हणणं, रात्री बटणं बंद करा हे त्या ह्या घरात आल्यापासून सांगत आहेत, पण त्या व्हीएनआयटीत नव्हत्या.

एक काडी मात्र एकच राहिली.

आमच्या शेजारचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेत. चिरंजीव फाटकाशी उभा राहून फोनवर "बोर्डच गेलं वाटतं" असं म्हणत असताना ते फुलं तोडत होते. "बोर्ड जाऊन जमाना झाला, बेटा," त्यांनी कुंपणावरून दुरुस्ती केली. "सहा जून २००५. तेव्हापासून कंपन्या आहेत." मग प्रकरण समजून घेतलं, आणि एकच प्रश्न विचारला.

"करंट देऊन राहिला का?"

नागपुरात उन्हाळ्यात हा प्रश्न कुलरबद्दल विचारतात. ओल्या हाताने कुलरला कोणी शिवू नये, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. संगणकाबद्दल तो विचारण्याचं आम्हाला सुचलं नव्हतं. पण चिरंजीव विचारात पडला आणि म्हणाला, अनवाणी बसून कॅबिनेटच्या कडेला हात लागला तर मुंग्या येतात खऱ्या. हेडफोनमध्ये गुणगुणही ऐकू येते. त्याला वाटलं होतं, नवीन आहे म्हणून.

काकांच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असतो. तो कॅबिनेटला टेकवला, आतला नारिंगी दिवा पेटला, आणि निवृत्तीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच इतकं आनंदी बघितलं.

ही करंटची भानगड तशी साधी आहे. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतली खरखर गाळण्यासाठी दोन बारीक कपॅसिटर असतात. ते ती खरखर अर्थच्या तारेत सोडतात. अर्थ ठीक असेल तर ती जमिनीत जाते. अर्थ नसेल तर ती कॅबिनेटच्या पत्र्यावरच बसून राहते, जवळजवळ निम्म्या व्होल्टेजने, म्हणजे ११५ च्या आसपास. प्रवाह फार थोडा असतो, म्हणून माणूस उडत नाही, नुसता चमकतो. थोडक्यात, अर्थचं काम चिरंजीवाची पावलं करत होती.

काकांनी घरून एक होल्डर आणला. त्यात शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि दोन वायरी. एक वायर फेजला, दुसरी अर्थला. चांगलं अर्थिंग असलं तर बल्ब लख्ख पेटायला हवा. आमचा जेमतेम लालसर झाला आणि तसाच लाजून राहिला.

"खड्ड्यात पाणी कधी टाकलं होतं?" काकांनी विचारलं.

कुठला खड्डा, असं तीन पिढ्यांनी एकदम विचारलं. बंगला बांधला तेव्हा मागच्या बाजूला, पारिजातकाखाली, कोळसा आणि मीठ थरांनी भरून त्यात अर्थिंगचा पाइप पुरला होता. मीठ ओल धरून ठेवतं, कोळसाही धरतो, आणि ओल्या जमिनीतून वीज सुखाने उतरते. आमची काळी माती पावसाळ्यात चपलेला सोडत नाही आणि मेमध्ये भेगाळून विटेसारखी होते. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी द्यायचं असतं. आम्ही त्यावर कुंड्या मांडल्या होत्या आणि पाणी कुंड्यांना देत होतो.

काकांनी दहा किलो खडे मीठ सांगितलं. मी आणि सासूबाई गोकुळपेठेत गेलो. मे महिन्यात दहा किलो खडे मीठ मागितल्यावर किराणावाल्याचा चेहरा खुलला. "यंदा लोणचं जोरात दिसते, आजी?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "कम्प्युटरला."

त्याने पिशवी बांधली, पैसे घेतले, पण एक शब्द बोलला नाही.

लोणचं म्हटल्यावर मात्र सासूबाईंना बरणी आठवली. घरी येताच त्यांनी नवऱ्याला माळ्यावर चढवलं. इकडे परसात काका आणि चिरंजीव कुंड्या हलवून मीठ ओततायत, बादल्यांवर बादल्या रिकाम्या करतायत, आणि तिकडे नवरा बरणीसाठी माळ्यावरची खोकी एकेक करून खाली देतोय. आमच्याकडे रिकामं खोकं फेकत नाहीत. मिक्सर गेला, त्याचं खोकं आहे. त्यात मदरबोर्डचंही होतं, सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सुतळीने बांधून वर रवाना केलेलं. ते खाली येताना आत काहीतरी खुळखुळलं. उघडलं तर तळाच्या पुठ्ठ्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत वायफायचा अँटेना, बोटभर तारा आणि पितळी चाक्यांसकट. संगणकाच्या मागे दोन सोनेरी टोकं उगीच नसतात, त्यांना हा पिळून बसवायचा असतो. त्याशिवाय वायफाय आणि ब्लूटूथ जे काही करत होते ते केवळ स्वभावाने करत होते.

नवऱ्याने अँटेना बसवला. काड्या भराभर वर गेल्या. त्याच मिनिटाला काका हात पुसत आत आले. त्यांनी बल्ब लावून बघितला, लख्ख. टेस्टर लावला, विझलेला. मग पडद्याकडे बघितलं, वायफाय पूर्ण.

"पाहा," काका म्हणाले. "अर्थिंग."

त्यांना अँटेनाचं सांगायला कोणी धजावलं नाही. मुंग्या तर खरोखर त्यांनीच घालवल्या होत्या, हेडफोनची गुणगुणही गेली होती, आणि जाता जाता त्यांनी आम्हाला करंट गळला की वीज तोडणारा ईएलसीबी बसवून घ्यायला लावला, तोही समोर उभं राहून. इतक्या कामावर वायफायचं श्रेय वरकड म्हणून द्यायला हरकत नव्हती.

आता चिरंजीव खेळतो. प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत तापतो आणि तसं तापणं त्याच्या रचनेतच बसतं म्हणे, म्हणजे तो नागपुरात रुळला. तक्रार उरली आहे पिंगची. ह्याने इथे गोळी झाडली की ती वर्दी मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला चाळीसएक मिलिसेकंद लागतात. मी हिशेब केला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, तारा त्याच वाटेने सरळ टाकल्या असत्या तरी जाऊन-येऊन सात मिलिसेकंद पुरे झाले असते. उरलेले तेहतीस कुठे जातात, हे चिरंजीवाने अजून कुठल्या दिव्यावर वाचलेलं नाही. काकांच्या मते ते पाण्याअभावी जातात. म्हणून रोज संध्याकाळी एक बादली खड्ड्यात पडते. ज्या मुलाने आजवर स्वतःचं ताट उचललं नाही, तो ती बादली न सांगता नेतो.

गल्लीत काकांचा बोलबाला झाला आहे. खड्डे शोधायला लोक कुंड्या हलवू लागलेत. परवा समोरच्या वहिनींना बँकेचा ओटीपी येत नव्हता. फोन हातात धरून त्या हवालदिल होऊन फाटकाशी उभ्या होत्या. काकांनी फुलांची परडी खाली ठेवली, खिशातला टेस्टर चाचपला आणि विचारलं, "मीठ कोणतं टाकलं होतं, खडे की बारीक?"