छोट्या लाईनचे काकाजी

चंद्रपूरच्या कुठल्याही कॉलनीत, मग ती थर्मलची असो, कोळसा खाणीची असो की तिकडे बल्लारपुरात पेपर मिलची, एक काकाजी असतातच. पेन्शन सुरू असते, शुगर आटोक्यात असते, मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला असतो आणि वरच्या खोलीला कुलूप असतं. खोली बांधली मुलाच्या लग्नाच्या वेळी. पण मुलगा-सून दिवाळीत आले की त्यांनी हॉलमध्ये गादी टाकून झोपायचं, कारण वरच्या खोलीत नागपूर-नागभीड लाईन आहे.

बंगाल नागपूर रेल्वेने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ह्या भागात अडीच फुटी रूळ टाकले, ती छोटी लाईन. गोंदिया-चांदा फोर्टची छोटी लाईन नव्वदच्या दशकात मोठी झाली. उरली होती नागपूर-नागभीड. तीही नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठी होण्यासाठी बंद पडली. काकाजींच्या खोलीत मात्र ती अजून चालते. निदान चालण्याच्या बेतात तरी असते.

इथे एक गैरसमज दूर करतो. काकाजी रेल्वेत नव्हते. आयुष्य गेलं पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात, कालव्यांची बिलं काढण्यात. पण कॉलनी त्यांना 'गार्डसाहेब' म्हणते आणि ते ओ देतात. त्यांना कुणी गोंदियाला निघालेला दिसला की पहिला प्रश्न, "कोणत्या गाडीनं?" तो बिचारा गाडीचं नाव सांगतो. मग काकाजी सुस्कारा सोडतात. "आता काय गा, बसला का उतरला. आमच्या टायमाले सिंदेवाहीहून निघालं का नागभीडपर्यंत माणसाची सोयरीक जुळून जाये."

पाहुण्याला खोली एकदम दाखवत नाहीत. आधी तर्री-पोहे, मग चहा, मग सहज विचारल्यासारखं, "रेल्वेची आवड हाय का?" 'आहे' म्हणाल तर एक तास. 'नाही' म्हणाल तर दोन, कारण त्यातला पहिला तास आवड निर्माण करण्यात जातो.

कुलूप उघडलं की समोर दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला लागून चारही बाजूंनी फळी. नागपूर खिडकीपाशी, नागभीड दारापाशी, मधे उमरेड आणि भिवापूर. प्रमाण १:८७. जगभरचे पुष्कळ मॉडेलवाले हेच प्रमाण पाळतात, हे काकाजी अशा सुरात सांगतात की जणू चंद्रपूरला विचारूनच ते ठरलं. खऱ्या छोट्या लाईनीची रुंदी ७६२ मिलिमीटर. तिला ८७ ने भागलं तर पावणेनऊ येतात. बाजारात रूळ मिळतो नऊचा. हा पाव मिलिमीटर काकाजींच्या झोपेवर उठला आहे. लांबीचं विचारूच नका. १०६ किलोमीटरची लाईन ह्याच हिशेबाने टाकायची तर सव्वा किलोमीटर रूळ लागतो, म्हणजे मागची पूर्ण कॉलनी संपादित करावी लागेल. तो प्रस्ताव त्यांनी सोसायटीच्या सभेत गमतीने मांडला होता म्हणतात. मी सभेला होतो, गंमत वाटली नाही.

एवढा हिशेबी माणूस, पण उमरेड आणि भिवापूरच्या मधल्या जंगलात जो वाघ उभा आहे तो सिग्नलपेक्षा उंच आहे. ताडोब्याच्या गेटवर खेळण्यांच्या दुकानात घेतलेला. डब्यातला प्रवासी त्याच्या पंजाएवढा. मी एकदा भीतभीत म्हणालो, "काकाजी, वाघ जरा प्रमाणाबाहेर नाही का?"

"तुले कधी पायदळ दिसला का वाघ?"

"नाही."

"मंग? समोर आला का एवढाच दिसते."

मागचा पडदा वडसाच्या एका पेंटरकडून करून घेतलाय. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवण्यात त्याची हयात गेली. त्याला 'घनदाट जंगल' सांगितलं होतं. त्याने केलं, फार सुंदर केलं, पण सवयीने मधोमध एक राजवाडाही काढला. जिन्यावर दोन मोर. काकाजी पाहुण्यांना सांगतात की तो उमरेडचा डाकबंगला आहे.

भिवापूर म्हणजे मिरची. तेव्हा भिवापूरच्या फलाटावर पोत्यांशेजारी लाल ढीग हवाच, आणि तो रंगवलेल्या भुशाचा कसा चालेल? काकूंच्या डब्यातलं खरं तिखट आहे ते. त्यामुळे खोलीत पंखा लावता येत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा सत्तेचाळीसच्या आसपास असताना, बंद पंख्याखाली बसून छोट्या लाईनीचा इतिहास ऐकणं हा काय अनुभव आहे ते ज्याने घेतलाय त्यालाच विचारा. एकदा नातेवाइकांपैकी कुणीतरी न विचारता बटण दाबलं. गाडी नागपूरहून सुटलेली होती. भिवापूर येईपर्यंत सगळे प्रेक्षक शिंकत जिन्याखाली.

एका बाबतीत मात्र चंद्रपूरकर मॉडेलवाल्याचं नशीब जोरावर आहे. तिकडे विलायतेत नवे कोरे डबे जुने, कळकट दिसावेत म्हणून लोक बारीक ब्रशने काजळी लावतात, रंगाचे फवारे मारतात, त्यावर पुस्तकं लिहितात. आमच्याकडे खिडकी दोन दिवस उघडी ठेवली की झालं. काकाजींचे डबे पाहून पुण्याचे एक जाणकार थक्क झाले होते. "हा परिणाम कसा साधलात?" काकाजी म्हणाले, "हवा चांगली हाय इथली."

ह्या सगळ्याचं मूळ लहानपणात आहे, हे प्रत्येक काकाजी सांगतो. आमच्या काकाजींचं लहानपण सिंदेवाहीचं, आणि त्यांचं पहिलं मॉडेल म्हणजे तान्ह्या पोळ्याचा नंदी. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगायला हवं की बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो. लाकडी बैल, खाली लाकडी चाकं, गळ्यात दोरी. सजवून ओळीत उभे करायचे, मोठी माणसं बक्षिसं देणार, मग घरोघर फिरून बोजारा मागायचा. तर एका वर्षी काकाजींनी नंदीच्या मागे आगपेट्यांचे डबे जोडले आणि बैलाने ओढलेली आगगाडी पोळ्यात उभी केली. परीक्षक गोंधळले. बक्षीस बैलाला द्यायचं की गाडीला? शेवटी कुणालाच दिलं नाही, पण बोजारा सगळ्यांत जास्त जमला. मी ही हकिगत प्रथम ऐकली तेव्हा डबे तीन होते. आता अकरा आहेत, शेवटी गार्डचा डबा आहे आणि त्यात हिरवा झेंडाही आला आहे.

आगपेटीनंतर चाकं आली. ह्या विषयावर मात्र काकाजी थापा मारत नाहीत. तिथे त्यांचा आवाजच बदलतो. स्लीपरची चप्पल घ्यायची. टाचेकडचा भाग झिजलेला असतो, तो कामाचा नाही. चाकं निघतात ती मधल्या भागातून. शाईच्या बाटलीचं झाकण ठेवून पेनने गोल काढायचा आणि ब्लेडने कापायचं, पण ब्लेड दर वेळी पाण्यात बुडवून. कोरडं ब्लेड रबरात अडतं आणि कड कुरतडल्यासारखी होते. मग खिळा चिमट्यात धरून चुलीत लाल करायचा आणि बरोबर मधोमध भोक. भोक केसभर सरकलं की डबा आयुष्यभर लंगडणार. आस छत्रीच्या काडीचा. चाक निसटू नये म्हणून दोन्ही टोकांना रिकाम्या रिफिलचा तुकडा. एका चपलेत चार चाकं, फार तर पाच. एका डब्याला चार लागतात. म्हणजे गाडी जितकी लांब तितकं घर अनवाणी. चपला वडिलांच्या असत, आणि वडील शाळामास्तर होते, तेव्हा पुढचं सांगायला नको.

आणि मग ते दृश्य. असं एक दृश्य ह्या जमातीतल्या प्रत्येकाच्या आयुष्यात असतं. कुणा साहेबाच्या बंगल्यावर, साहेबाच्या मुलाची चावीची हॉर्नबी. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये मेकॅनोचं पेटंट घेतलं आणि १९२० मध्ये खेळण्यातल्या गाड्या काढल्या, हे काकाजींना आता पाठ आहे. तेव्हा एवढंच कळलं की हिरवं इंजिन आहे, पत्र्याचे रूळ गोल जोडलेत आणि ते आपलं नाही. परदेशी खेळणं त्या काळी यायचं ते कुणाच्या तरी परदेशातल्या मामाकडून. काकाजींचे मामा होते धानोऱ्याला. तिथून मोहाची फुलं येत, चारोळी येई.

साहेबाच्या मुलाने हात लावू दिला नाही. काकाजी दारात उभे राहून बघत राहिले. आज ते 'आमच्या लहानपणी काय गाड्या होत्या' असं म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, गाडी त्यांचीच होती. हळूहळू त्यांनाही तसंच वाटायला लागलंय. माझा आपला अंदाज असा की ती गाडी खरंच मिळाली असती तर चार महिन्यांत चावी तुटून माळ्यावर गेली असती, आणि आज वरच्या खोलीत मुलगा-सून झोपली असती.

एवढं सोसलेल्या माणसाने इतर पोरांना तरी हात लावू द्यावा की नाही? मुळीच नाही. दारावर पाटी आहे, 'रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे'. आजची पोरं मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत हे काकाजींचं ठरलेलं भाषण, आणि नातू डोकं वर काढून फळीकडे हात नेतो तेव्हा ठरलेली आरोळी, "अबे, हात नको लावू! मोबाइल पाह्य तुझा!"

जमात म्हटलं ते उगाच नाही. गडचिरोलीला एक आहेत, ते भेंडाची विमानं करतात आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी लागली की सुट्टी घेतात. मूलला एकांनी काड्यापेटीच्या काड्यांचं मार्कंड्याचं देऊळ बांधायला घेतलंय, पण शिल्पं आली की काडी थांबते. ते तिघे भेटले की एकमेकांचं काहीच ऐकत नाहीत. दोनच गोष्टींवर त्यांचं एकमत होतं. फेविकॉल पूर्वीसारखा राहिला नाही, आणि उधईचा काही उपाय नाही. काकाजींचं पहिलं नागभीड स्टेशन पुठ्ठ्याचं होतं, ते उधईने एका श्रावणात खाल्लं. तेव्हापासून सगळं सागवानात. सुताराकडचे छिलपे मागून आणतात, आणि रुळाखालचा स्लीपर हातात देऊन सांगतात, "आलापल्लीकडचं सागवान हाय. २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येले दरवाज्यासाठी गेलं ना, त्याच जातीचं." काडीएवढा तुकडा, पण आपण तो दोन्ही हातांनी परत करतो.

तीर्थयात्राही झाल्या आहेत. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून छोट्या लाईनीचं संग्रहालय आहे. लोक तिथे फोटो काढायला जातात, काकाजी टेप घेऊन. एकदा इंजिनाच्या चिमणीचा घेर मोजताना ते वर चढले होते; कसे उतरले हे सांगत नाहीत. पुण्याला मुलाकडे गेले तेव्हा कोथरूडमधलं भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलं. १९९८ पासून सुरू आहे ते. एका माणसाने आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं अख्खं शहर, त्यात गाड्या, रस्ते, सर्कस, रात्रीचे दिवे. प्रयोग संपल्यावर सगळी मुलं टाळ्या वाजवत होती आणि काकाजी रुमाल काढून बसले होते. मुलगा घाबरला. बाहेर आल्यावर म्हणाले, "सारं हाय गा. पण चांदा फोर्ट नाही."

मुलाला वाईट वाटलं असावं. त्याने वाढदिवसाला परदेशी कंपनीचा तयार सेट पाठवला. खोका उघडला, रूळ जोडले, पिन लावली आणि दहाव्या मिनिटाला गाडी गोल फिरायला लागली. काकूंनी टाळ्या वाजवल्या. महाराष्ट्राला वीज देणाऱ्या आमच्या गावात अशा वेळी नेमकी लाईट जाते, तीही त्या दिवशी गेली नाही. काकाजी तीन फेऱ्या बघत बसले. मग मला हळूच म्हणाले, "ह्याले काही करावंच लागत नाही." पुढच्या आठवड्यात त्यांनी इंजिन उघडलं, मोटर काढली आणि आपल्या सागवानी इंजिनात बसवली. दोन्ही इंजिनं तेव्हापासून बंद आहेत आणि काकाजींची तब्येत उत्तम आहे.

सध्या वरच्या खोलीत विस्ताराचं काम निघालंय. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला, पण रेल्वे अजून वडशाच्या कोपऱ्यालाच स्पर्श करून जाते. वडसा-गडचिरोली ही जेमतेम बावन्न किलोमीटरची लाईन, पण कुठे जमीन, कुठे जंगलाची परवानगी, असं करत वर्षानुवर्षं चालू आहे. काकाजींनी पण केला की सरकारच्या आधी आपण न्यायची. वडसा दाराजवळ घातलं. तिथून गडचिरोलीकडे जायचं तर भिंतीला भोक पाडून पलीकडच्या खोलीत शिरावं लागतं, आणि पलीकडच्या खोलीत काकूंचा देव्हारा आहे. सर्वेक्षण झालं, खुणा मारल्या. काकूंनी त्या ओल्या फडक्याने पुसल्या. पुन्हा मारल्या, पुन्हा पुसल्या. गेल्या रविवारी काकाजींनी मला मध्यस्थीला नेलं. जनहित, मागास भाग, दळणवळण असं सगळं मी बोलून पाहिलं. काकू वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नवीन मिक्सर, किचनच्या कट्ट्याले ग्रॅनाइट, अन् भिवापूरचं माझं तिखट वापस. आधी मोबदला, मंग रूळ."

काकाजी मिक्सरला तयार आहेत. तिखटावर बोलणी अडली आहेत.